‘विसरलेली चव’ म्हणे! कोण विसरलं?

मुंबई-पुण्यातल्या महागड्या रेस्टॉरंटांच्या मेन्यूकार्डांवर आणि इन्स्टाच्या पोस्टींवर गेल्या काही वर्षांत एक शब्द फार बोकाळलाय. ‘फरगॉटन’. विसरलेली धान्यं, विसरलेल्या रानभाज्या, विसरलेल्या पाककृती. कुणीतरी शेफ गावोगाव हिंडतो, या विसरलेल्या गोष्टी शोधून काढतो, आणि मग काळ्या दगडाच्या ताटलीत चिमट्यानं मांडून आपल्यापुढे ठेवतो.

मराठीत ‘विसरणे’ या क्रियापदाला कर्ता लागतो. कोण विसरलं ते सांगावं लागतं. मेन्यूकार्डावर तो कर्ता कधीच छापलेला नसतो. मी जालना जिल्ह्यातल्या बदनापूर तालुक्यातली. आमच्या घरी काल रात्री जे रांधलं गेलं, त्याला कुणी ‘विसरलेलं’ म्हणालं की मला एवढंच विचारावंसं वाटतं: बाबा रे, तुझ्या हिशोबात आम्ही खाणाऱ्यांमध्ये मोडतो की नाही?

हा लेख त्या एका शब्दाविरुद्ध आहे. शब्द छोटा आहे, पण त्याच्या आड बरंच काही लपवता येतं.

आधी एक गोष्ट बाजूला करते. ‘एवढ्याशा घासाचे एवढे पैसे?’ छापाच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. भलीमोठी ताटली, मधोमध वाटाण्याएवढं काहीतरी, आणि मागे हसण्याचा आवाज. मला त्या रील्स कंटाळवाण्या वाटतात. लग्नात डीजेवर आणि प्री-वेडिंग शूटवर लाख-लाख उडवणाऱ्या लोकांनी दुसऱ्याच्या ताटलीतले ग्रॅम मोजू नयेत. तीन दिवस आंबवलेलं पाणी, दहा तास मंद आचेवर ठेवलेलं हाड, यामागे मेहनत असते आणि मेहनतीला पैसे पडतात. स्वयंपाकाला कला म्हणून किंमत मिळते याचा मला आनंदच आहे. माझं भांडण किमतीशी नाही, ताटलीसोबत जी गोष्ट सांगितली जाते तिच्याशी आहे.

ठरलेला मेन्यू

ज्यांचा या प्रकाराशी अजून संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेस्टिंग मेन्यू म्हणजे काय खायचं ते तुम्ही ठरवायचं नाही. दहा, बारा, कधी वीसच्या वर छोट्या ताटल्या एका ठरलेल्या क्रमानं येतात. जेवण दोन-तीन तास चालतं. प्रत्येक ताटलीबरोबर कुणीतरी येऊन ती कुठून आली, शेफच्या मनात काय होतं, हे सांगतं. स्पेनमधल्या ‘एल बुली’नं फेरान आद्रियाच्या हाताखाली या प्रकाराला प्रयोगशाळेचं रूप दिलं; ते २०११ साली बंद झालं. २००३ साली कोपनहेगनमध्ये सुरू झालेल्या ‘नोमा’नं दिशा बदलली. रेने रेझेपीनं जंगलातलं शेवाळ, किनाऱ्यावरचं गवत, मुंग्या असलं सगळं ताटलीत आणलं. ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’ या यादीत नोमा पाच वेळा पहिलं आलं, आणि जगभरच्या तरुण शेफना रानात जायचं वेड लागलं.

आपल्याकडे हे वारं उशिरा पण जोरात आलं. २०१६ साली महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात ‘मास्क’ सुरू झालं, फक्त टेस्टिंग मेन्यूवर चालणारं. २०२४ साली वांद्र्यात ‘पापाज’ आलं, मोजून बारा खुर्च्यांचं. अशी ठिकाणं वाढतायत. त्यांतली काही खरोखर चांगली आहेत असं जाणकार म्हणतात, आणि त्यावर माझा विश्वास आहे.

‘ठरलेला मेन्यू’ ही कल्पना आम्हाला काही नवी नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात मी पाच वर्षं ठरलेला मेन्यू खाल्ला. शाळेत खिचडी ठरलेली होती. रेशनवर काय येणार ते वरून ठरलेलं होतं. फरक एवढाच, की तिथे वाढायला येणारा माणूस ताटलीची गोष्ट सांगत नसे.

सहावी ताटली आणि आठवी ताटली

गेल्या फेब्रुवारीत आमच्या टीमचा एक मोठा प्रोजेक्ट संपला आणि मॅनेजरनं आम्हा सहा जणांना मुंबईतल्या अशा एका रेस्टॉरंटमध्ये नेलं. अकरा कोर्स, माणशी साधारण नऊ हजार, पिणं वेगळं. नाव सांगत नाही. वर घेतलेल्या नावांतलं ते नव्हे, आणि एका दुकानाला झोडपून मला काही साधायचंही नाही.

जेवण चांगलं होतं. दुसऱ्या ताटलीत मोसंबीच्या सालीचं लोणचं आणि कच्चा मासा होता. मोसंबी माझ्या जिल्ह्याचं पीक, जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन आहे, पण तिच्या सालीत एवढा गंध दडलाय हे मला तिथे कळलं. त्याचं श्रेय त्या स्वयंपाकघराला द्यायलाच हवं.

सहावी ताटली आली. काळ्या दगडावर ज्वारीचा नखाएवढा पातळ, कुरकुरीत तुकडा. त्यावर वाळवलेल्या तरोट्याची हिरवी भुकटी, ठेच्याचा एक थेंब, आणि भोवती पसरलेली राख. खायची राख, कांदा जाळून केलेली. ताटलीचं नाव होतं ‘ड्राउट’. वाढणारा मुलगा अदबीनं म्हणाला, “मराठवाड्यात दुष्काळात लोक काय खायचे, त्यावरून शेफना ही डिश सुचली. विसरलेलं धान्य, विसरलेली रानभाजी.”

टेबलावर सगळे ‘वॉव’ म्हणाले. एक सहकारी माझ्याकडे वळून म्हणाला, “तू तिकडचीच ना? खरंच असं लागायचं का गं?”

मी म्हटलं, “१९७२ साली मी जन्मले नव्हते. पण ज्वारीची भाकरी मागच्या रविवारी घरी खाल्ली.”

आठवी ताटली आली तेव्हा तो मुलगा हसत म्हणाला, “हा आमचा सगळ्यात धाडसी कोर्स.” बोकडाच्या रक्ताचा वाळवलेला पापुद्रा, खाली वजडीचा बारीक मऊ तुकडा. कार्डावर लिहिलं होतं: ‘दख्खन, नाकापासून शेपटीपर्यंत’. ज्यांना धाडस होत नसेल त्यांच्यासाठी मशरूमचा पर्याय होता. दोघांनी मशरूम घेतलं. बाकीच्यांनी डोळे मिटून खाल्लं, मग उघडून एकमेकांकडे कौतुकानं पाहिलं.

आमच्याकडे याला रक्ती म्हणतात. ती वाळवत नाहीत, कांदा-मिरची घालून परततात. मी लहानपणापासून खात आलेय आणि कधी डोळे मिटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आईला फोनवर सगळं सांगितलं. नऊ हजारांचं तिला विशेष काही वाटलं नाही, कंपनीनं दिले म्हटल्यावर विषय संपला. ती अडली तरोट्यापाशी.

“फेब्रुवारीत तरोटा कुठून आणला त्यांनी?”

“वाळवून ठेवलेला होता. भुकटी केली होती.”

“अगं, तरोटा पावसाळ्याच्या तोंडाला. कवळा असतानाच खात्येत. जून झाला की ढोरं बी तोंड लावत न्हाईत. भुकटी केली तर त्याला तरोटा कामून म्हणायचं?”

हे ज्ञान आहे. कुठल्या पंधरवड्यात पान खुडायचं, कुठल्या पंधरवड्यात सोडायचं, त्याचा कडूपणा कशानं मारायचा. ज्या बाईच्या डोक्यात हे आजही जसंच्या तसं आहे, तिच्या भाजीला ‘विसरलेली’ म्हणायचं म्हणजे त्या बाईलाच यादीतून खोडायचं.

ज्वारी कुणी विसरली?

जालन्यात राहून ज्वारी विसरणं अवघड आहे. आमच्या जिल्ह्यातल्या दगडी ज्वारीला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं. थंडीत हुरडा असतो, ढोरांना कडबा लागतो, आजारी माणसाला कण्या लागतात.

ज्वारीचा पेरा घटला हे मात्र खरं. पण तो कुणाच्या विसरभोळेपणामुळे घटला नाही. त्याला कारणं आहेत, त्या कारणांना तारखा आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतल्या काही जालन्यातूनच जातात. १९६४ साली देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, सीएसएच-१, आलं. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. पुढे १९९८ साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं आणि जालना बियाण्यांची राजधानी म्हणून ओळखलं जाऊ लागलं. २००२ साली देशात बीटी कापसाला पहिली परवानगी मिळाली तीही महिकोच्याच वाणांना. त्यानंतर आमच्या शिवारात कापूस किती पसरला ते सांगायला आकडे नकोत, दिवाळीच्या सुमारास रस्त्यानं एक चक्कर मारली तरी पुरे. कापूस नसेल तिथे सोयाबीन. दोन्ही पिकांचा पैसा हातात येतो. ज्वारी काढायला मजूर लागतात, पाखरं राखायला माणूस लागतो, खळं लागतं, आणि एवढं करून २०२४-२५ मध्ये मालदांडी ज्वारीचा हमीभाव होता क्विंटलला ३,४२१ रुपये.

दुसरीकडे रेशन. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो असं लिहिलं होतं. आमच्या गावच्या दुकानात वर्षानुवर्षं गहू आणि तांदूळच आले. ज्वारी आली तर अपवाद म्हणून. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला ‘श्री अन्न’ असं देखणं नाव मिळालं. त्याच जानेवारीपासून रेशनचं धान्य फुकट झालं. फुकटच्या गव्हासमोर विकतची ज्वारी किती दिवस टिकणार? त्यात भाकरी थापायला बाई चुलीपुढे बसून राहते. तिच्याही वेळेला काही किंमत आहे हे आता तिला कळलंय, आणि बरं झालं.

धोरण, बाजार, बियाणं, मजुरी, बाईचे हात. एवढ्या सगळ्यांचा निकाल ‘विसरलेलं धान्य’ या दोन शब्दांत लावता येतो. ‘विसरलं’ म्हटलं की दोष कुणावरच येत नाही. सरकारवर नाही, कंपनीवर नाही, भाव पाडणाऱ्यावर नाही. लोकच बिचारे विसरले, आणि शेफनं आठवण करून दिली.

हमीभावानं २० ग्रॅम ज्वारीचे ६८ पैसे होतात. त्या ताटलीत २० ग्रॅमही नव्हती. भाडं, पगार, वीज, कल्पना, सगळं धरून त्यांनी लावलेला भाव मला मान्य आहे. पण मग त्या ६८ पैशांचीही गोष्ट सांगा की. राखेची सांगता तशी.

आता ‘ड्राउट’ या नावाबद्दल. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. त्या कामांवर सुकडी मिळायची, आणि घरात यायची मिलो. लाल ज्वारी, अमेरिकेतून जहाजानं आलेली. तिची भाकरी धड थापली जायची नाही, असं आजी सांगायची, आणि तेवढंच सांगून विषय बदलायची. तरोटा मात्र ती मरेपर्यंत हौसेनं करायची, लसूण आणि हिरवी मिरची घालून. तिच्या लेखी तरोटा हा पहिल्या पावसाचा पदार्थ होता. दुष्काळाचा पदार्थ होता मिलो.

तेव्हा दुष्काळाची ताटली करायचीच असेल तर मिलोची करा. पण मिलोत माती नाही, परंपरा नाही, रान नाही. परदेशातून आलेलं निकृष्ट धान्य आणि रांगेत उभी असलेली माणसं आहेत. ते काळ्या दगडावर शोभत नाही. म्हणून आमच्या आनंदाची भाजी उचलली आणि तिला आमच्या उपासमारीचं नाव दिलं.

सोडलेलं आणि सोडायला लावलेलं

रक्तीकडे येते. इथे तो शब्द नुसता चुकीचा नाही, अपमानकारक आहे.

आमचं घर पूर्वीच्या महारवाड्यातलं. आता आम्ही बौद्ध आहोत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितलं होतं, की मेलेल्या ढोराचं मांस खाणं सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी दारोदार जाणं सोडा. लोकांनी ते ऐकलं. जिथे पोटाला दुसरं काही नव्हतं तिथेही ऐकलं. ज्याच्याकडे भरलेलं ताट आहे त्यानं एखादा पदार्थ सोडणं आणि ज्याच्याकडे तेवढंच आहे त्यानं तेच सोडणं, यांत किती अंतर आहे याचा विचार करा. तो स्वाभिमानासाठी भुकेशी घेतलेला पंगा होता. पुढे १९४८ साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कोण काय खातं यावरून माणसाला गावाबाहेर कसं ठेवलं गेलं, याची अख्खी मांडणी आहे.

ते खाणं आमच्या लोकांनी विसरलं नाही. सोडलं. ठरवून, सभेत हात वर करून सोडलं.

दुसरं एक खाणं आहे चान्या. बैलाच्या मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून ठेवायच्या, पावसाळ्यात भाजून किंवा शिजवून खायच्या. परदेशात असल्या वाळवलेल्या मांसाला पाकिटात घालून मोठ्या दिमाखात विकतात. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि चान्या आमच्या दोरीवरून गेल्या. त्याही आम्ही विसरलो नाही. सोडायला लावल्या.

तिसरं, बोकडाची रक्ती, वजडी, मुंडी, पाय. हे कुणी सोडलं नाही, कुणी सोडायला लावलं नाही. आजही चालू आहे. आमच्याकडे आहेच, इतर अनेक जातींच्या घरांतही आहे. त्यांच्याकडे ते पाहुण्यांसमोर कमी बोललं जातं एवढंच.

विसरणं, सोडणं आणि सोडायला लावणं ही तीन वेगळी क्रियापदं आहेत. त्यांच्यामागे तीन वेगळे इतिहास आहेत. मेन्यूकार्ड त्यांची एकच चटणी वाटतं.

आणि कुणी म्हणेल, की शेफला बिचाऱ्याला हे कुठून कळणार? तर हे सगळं छापून ठेवलेलं आहे. २००९ साली पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं दलित कुटुंबांच्या खाण्याच्या आठवणींवर पुस्तिका काढली. २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, खास मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्यावर, पाककृतींसकट. २०२४ साली भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवादही आला, म्हणजे मराठीची अडचणही उरली नाही. ज्या पदार्थावर पुस्तक आहे, त्या पुस्तकाचा अनुवाद आहे, तो पदार्थ विसरलेला कसा? तुम्ही वाचलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

धाडस कुणाचं?

‘धाडसी कोर्स’ हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक तुलना घोळतेय. त्याच महिन्यात मी फ्लॅट शोधत होते. तीन ब्रोकरांनी फोनवर आधी आडनाव विचारलं, मग विचारलं, “नॉनव्हेज?” मी हो म्हटलं. दोघांनी तिथेच फोन ठेवला. तिसरा भला होता. म्हणाला, “अंडी चालतील मॅडम, पण वास येईल असं काही करू नका.”

शुक्रवारी रात्री नऊ हजारांत तीच वजडी खाल्ली की माणूस धाडसी ठरतो, आणि रविवारी तीच स्वतःच्या गॅसवर शिजवली की सोसायटीचा मेंबर दारात येतो. माझ्या टेबलावर डोळे मिटून रक्त खाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी ते खाल्लं म्हणून कुणी घर नाकारणार नव्हतं. जे खाल्ल्यानं काहीच गमवावं लागत नाही, त्याला धाडस म्हणायचं का? धाडस माझ्या आत्यानं केलंय. संभाजीनगरात भाड्याच्या खोलीत ती वीस वर्षं खिडक्या लावून, उदबत्ती लावून रक्ती परतत आली.

हे फक्त आमच्यापुरतं नाही. नोमानं मुंग्या ताटलीत ठेवल्या तेव्हा जगानं आ वासला. बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चापडा चटणी आठवडी बाजारात पानावर मिळते. ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ च्या जानेवारीत जीआय मिळालं. आदिवासीनं मुंगी खाल्ली तर तो ‘मागास’, आणि शेफनं खिलवली तर ती दृष्टी. मुंगी तीच असते, आंबटपणा तोच असतो.

‘पण ते निदान जपतायत ना?’

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलाय, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. तरुण शेफ ज्वारीला हात लावतायत, तरोट्याची चव घेऊ पाहतायत, रक्त-वजडीला किळसवाणं म्हणत नाहीयेत. मी लहान असताना टीव्हीवरच्या कुठल्याही पाककृतीच्या कार्यक्रमात यातलं काहीच दिसत नसे. तेव्हा हे पुढचं पाऊल आहे, मला मान्य आहे.

आणि मी असंही म्हणत नाही, की रक्ती फक्त आमच्याच माणसांनी रांधावी. खाण्यावर मालकी सांगायला लागलो तर उद्या मिरचीसाठी मेक्सिको आपल्या दारात उभा राहील. कुणीही रांधा, कसंही रांधा, वाळवा, पापुद्रे काढा. पण जपायचं असेल तर ज्यांनी जपलं त्यांना वाक्यातून बाहेर काढून कसं जपणार? ‘शोध लावला’ आणि ‘शिकलो’ यांतला फरक शेफना कळतो. जपानी गुरूकडून सुरी धरायला शिकलेला शेफ गुरूचं नाव अभिमानानं सांगतो. बदनापूरच्या बाईकडून शिकलेलं मात्र ‘प्रेरणा’ होतं, आणि प्रेरणेला नाव लागत नाही, मानधनही लागत नाही.

या धंद्याला आपल्या माणसांची किंमत मोजायला वेळ लागतो हे तर जगजाहीर आहे. खुद्द नोमानं शिकाऊ मुलांना पगार द्यायला सुरुवात केली २०२२ च्या ऑक्टोबरात, म्हणजे रेस्टॉरंट सुरू झाल्यावर १९ वर्षांनी. पुढच्याच जानेवारीत रेझेपीनं जाहीर केलं, की ही पद्धत आता चालवता येण्यासारखी नाही. ज्या स्वयंपाकघराला स्वतःच्या ओट्याशी उभं असलेलं पोर दिसायला १९ वर्षं लागली, त्याच्या धड्यावर चालणाऱ्यांना जालन्याची बाई आपोआप दिसेल अशी आशा मी करत नाही. ती दाखवून द्यावी लागेल.

आमचे वाडे

सगळा दोष मुंबईच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. संभाजीनगर ते जालना रस्त्यानं या. ‘अस्सल गावरान’ जेवणाची हॉटेलं दिसतील. नावात वाडा, पाटील किंवा सरपंच. दारात बैलगाडीचं चाक, भिंतीवर फेटेवाल्याचं चित्र. गाव म्हणजे पाटलाचा वाडा, असं यांनीही ठरवून टाकलंय. पाटलाच्या वाड्यात रक्ती नसते, महारवाड्याच्या नावानं हॉटेल नसतं. शेफ आमचं नाव गाळून पदार्थ तरी घेतो. इथे पदार्थही घेत नाहीत.

आणि आमची लग्नं? पैसा आला की ताटात आधी पनीर येतं, मग मंचुरियन, मग पास्त्याचा स्टॉल. भाकरी असलीच तर एका कोपऱ्यात, ‘लाइव्ह चूल’ अशी पाटी लावून, नऊवारी नेसवलेल्या दोन बायका बसवून. पाहुणे भाकरी कमी घेतात आणि त्या बायकांबरोबर सेल्फी जास्त घेतात. ज्या घरात रोज ज्वारी शिजते त्या घरानं सणाच्या दिवशी तिला मागच्या दारानं बाहेर काढलं, तर बाहेरच्या माणसाला ती विसरलेली वाटणारच. यामागचं कारण मला कळतं. ज्या पदार्थावरून पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलं, तो पदार्थ मांडवात सगळ्यांसमोर मांडायला ताकद लागते. पण ती ताकद आता आपल्या पिढीकडे आहे. पगार आहेत, फोन आहेत, पुस्तकं आहेत.

मग करायचं काय?

मला बहिष्कार नको आहे. माफीनामेही नकोत. मला मेन्यूकार्डावर पूर्ण वाक्यं हवी आहेत. उदाहरणार्थ: ‘ज्वारी, जालना जिल्हा. कापूस, सोयाबीन आणि रेशनच्या गव्हापुढे मागे पडलेली, तरी दरवर्षी पेरली जाणारी.’ किंवा: ‘रक्ती. मराठवाड्यातल्या दलित घरांतला पदार्थ. अमुक बाईंकडून शिकलो, त्यांना शिकवण्याचे पैसे दिले.’ एवढं छापायला शाईही फार लागत नाही. नऊ हजार देणाऱ्याची भूक हे वाचून थोडी मरेल, असं कुणाला वाटत असेल. मरू दे थोडी. ज्या जेवणाला गोष्टीची एवढी हौस आहे, त्यानं गोष्ट अर्ध्यावर का सोडावी?

तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी अशा टेबलावर बसाल. कंपनी नेईल, मित्र नेईल, पहिल्या मोठ्या पगाराला स्वतःच जाल. जरूर जा. चवीनं खा. आणि वाढणारा मुलगा ‘विसरलेलं’ म्हणाला, की त्याला नीट, न ओरडता विचारा: कोण विसरलं? तो गडबडेल. त्याला शिकवलेल्या मजकुरात याचं उत्तर नसतं, आणि त्यात त्याचा दोष नाही; बहुतेक तोही कुठल्या तरी गावचाच असतो. आत जाऊन विचारून ये म्हणा. एका टेबलानं विचारलं तर आत हसतील. दहा टेबलांनी विचारलं तर कार्ड नव्यानं छापावं लागेल.

आणि तुम्ही आमच्याकडचे असाल, तर उत्तर तुम्हीच द्या. पदार्थाचं घरचं नाव सांगा, तो कोणत्या महिन्यात होतो ते सांगा, कुणाच्या हातचा चांगला होतो ते सांगा. आईला फोन लावायचा असेल तर तिथेच लावा, स्पीकरवर. माझ्या आईला तर तरोट्यावर अजून बरंच बोलायचंय.